एक्कावन्न दिवसांचा शर्ट

“जिवंत आहेत का मेलेत, तेवढंच सांगा,” बाई म्हणाल्या आणि गाठ मारलेली पिशवी त्यांनी केदारच्या टेबलावर ठेवली. “जंतू मेले असतील तर सून आजच शर्ट मशीनला लावणार आहे. जिवंत असतील तर नाही.”

“उलट म्हणालात.”

“सरळच म्हणाले.”

केदारने फॉर्म पुढे ओढला.

नमुना : पुरुषाचा शर्ट. मळका.

सदाशिव पेठेत जंतू तपासायची लॅब टाकली तेव्हा त्याला वाटलं होतं, दवाखाने येतील. आली ही मंडळी. परवा एकीने कामवालीचा रुमाल आणला होता. त्याआधी एका निवृत्त गृहस्थांनी शेजाऱ्याचं पायपुसणं. स्वतःचं कोणी काही आणत नाही. जंतू नेहमी दुसऱ्याचेच.

नाव : सत्यशीला

शेवटचा वापर :

“एक्कावन्न दिवसांपूर्वी. सकाळी साडेदहापर्यंत.”

साडेदहा त्याने लिहिलं नाही. असलीच माणसं दुधाची पिशवी साबणाने धुतात आणि घामट शर्ट दीड महिना बांधून ठेवतात.

“धुवायला काय झालं होतं?”

“हात लावू दिला नाही मी कोणाला.”

“वा. जंतूंची चांगलीच सोय केलीत.”

“झाली का सोय?” सत्यशीलाबाईंनी खुर्ची पुढे घेतली.

केदारने पिशवीवरूनच कापड चाचपलं. यांना एकदा सुनावायलाच हवं होतं.

“सुती असता तर बरेचसे एव्हाना आटपले असते. हा टेरिकॉट. यात पॉलिएस्टर असतं. त्यावर काही जंतू तीन-तीन महिने तग धरतात. पक्कं सांगायचं तर तुकडा कापावा लागेल. आणि शर्टाच्या मालकांनाच पाठवा ना इकडे, आंघोळीबद्दल दोन शब्द सांगतो.”

कपडा कोणाचा :

“ह्यांचा,” बाई म्हणाल्या. “गेले तेव्हा अंगात होता.”

पेन रकान्यातच थांबलं.

बाईंनी पिशवीची गाठ आणखी आवळली आणि ती उचलून मांडीवर घेतली.

“कापू नका. तीन महिने म्हणालात, तेवढं पुरे. चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडले, सुती घाला, टेरिकॉटला घामाचा वास मारतो. बरं झालं, माणसाने एकदाही ऐकलं नाही माझं.”