आदी म्हाताऱ्याला

सयाजीनं खिशातनं फ्लॉपी काढली आन कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडं वळला. दुकानात त्याला म्हातारा म्हनायचे.

"म्हाताऱ्याला हात लावू नगं," सोपान म्हनला.

कराडच्या स्टँडमागं दोघांचं पत्रिका छापायचं दुकान. नियम सोपाननंच घातल्याला. बाहेरनं आल्यालं काय बी आदी म्हाताऱ्यानं चाखायचं, त्याला पचलं तरच नव्या मशीनला. ऐन लग्नसराईत एका फ्लॉपीतनं व्हायरस आला आन सगळं काम गेलं, तवापास्नं.

"नवीन मराठी फॉन्ट हाय गड्या. म्हाताऱ्यात जागा न्हाई. पार पुसतो आन सगळं नव्यानं टाकतो. त्यात हाय काय?"

सोपाननं मान कोपऱ्याकडं वळवली. म्हाताऱ्याला सकाळपास्नं कुनी शिवलं न्हवतं. काळ्या पडद्यावर स्क्रीनसेव्हरची इंग्रजी अक्षरं सरकत हुती: आप्पा, जेवाय चला. आप्पा, जेवाय चला.

सोपानच्या लेकीनं, दीक्षानं लावल्यालं ते. पोरगी कालेजातनं येताना डबा आनायची, आन बाप कामातनं मान वर करायचा न्हाई. औंदा तिनं आपल्या मनानं लगीन केलं. सोपाननं घराचं दार लावून घेतलं. दुकानात तिचं नाव काढायची सोय न्हवती.

सयाजीनं पडद्याकडं बघितलं, मग सोपानकडं. "आरं, तेवढंच परत टाईप कर की."

"मीच मला जेवाय बोलावू व्हय?"

"मग जा. घिऊन ये तिला."

सोपाननं त्याच्या हातनं फ्लॉपी हिसकली आन नव्या मशीनमधी कोंबली.

"येड्या," सयाजी वरडला, "साळुंख्यांच्या पत्रिका हैत त्या मशीनमधी. उद्या न्ह्याला येनार हैत लोकं."

मशीन गुरगुरली. पट्टी अर्ध्यापातूर सरकली आन थांबली. सयाजीनं सगळी बटनं दाबली, बंद करून परत चालू केली. पडद्यावर नुसती एक बारीक रेघ लुकलुकत ऱ्हायली.

"गेलं," सयाजी म्हनला. "आता बस."

सोपाननं खुर्ची कोपऱ्यात वडली. हाटेलातनं आनल्याला डबा म्हाताऱ्याम्होरं उघडला. टेबलाला जरा जरी धक्का लागून माउस हलला तरी अक्षरं निघून जायची. त्यानं डबा मांडीवर घेतला.