खांद्यापर्यंतचं चित्र

धुळ्याच्या चित्रकला कॉलेजात पोर्ट्रेटच्या तासाला छगनआबा मॉडेल म्हणून दोन तास न हलता बसले होते. तास संपता संपता सर दिपमालाच्या बोर्डापाशी थांबले. "हे आबा नाहीत. कपाळ मोठं झालंय, जबडा रुंद. खोडून पुन्हा काढ."

दिपमाला गोंधळली. तिनं समोर दिसलं तेच काढलं होतं. कुठून खोडायचं, हेच तिला कळेना.

तेवढ्यात आबा स्टुलावरून उठले आणि एकेक चित्र बघत निघाले. इतरांच्या चित्रांतला स्वतःचा चेहरा बघून त्यांनी नुसती मान हलवली. दिपमालाच्या चित्रासमोर मात्र त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

"आबा, ते चुकलंय," ती ओशाळून म्हणाली.

"हाऊ मना बाप शे," चित्रातल्या चेहऱ्याकडे बोट दाखवत आबा अहिराणीत म्हणाले. "मी दहा वरीसना व्हतू तवय ग्यात. घरमा त्यासना एक बी फोटो नहीं."

दिपमालानं सरांकडे पाहिलं. खोडरबर तिच्या हातातच राहिला.

आबा वाकले आणि कागदाच्या खालच्या कडेवर काहीतरी शोधू लागले.

"पाय बी काढ ना बेटी. माले पाया पडनं शे."