ओळंबा

दादाचं सगळं अंग लुळं पडलं होतं. चालत होती ती फक्त डावी पापणी. समोरच्या इमारतीवर गवंडीकाम करणारा धाकटा भाऊ जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या हातांनीच वर आला.

"वहिनी, हे काय जगणं आहे? श्वासाचं मशीन बंद करू. सुटेल बिचारा."

"मला काय सांगता, भावोजी? त्यांनाच विचारा."

वहिनी एकेक अक्षर म्हणत गेली. हव्या त्या अक्षराला दादाची पापणी लवायची. बऱ्याच वेळाने वाक्य जुळलं: "कोपऱ्याला ओळंबा लावलास का?"

धाकट्याने दादाच्या नजरेसमोरच्या खिडकीतून पाहिलं. सकाळपासून त्याने ओळंब्याची दोरी न सोडताच चढवलेली भिंत इथून चक्क झुकलेली दिसत होती. हातात थापी पहिल्यांदा दादानेच दिली होती.

"पाडून परत घेतो, दादा. पण उद्या बघशील ना?"

वहिनीने तोंड उघडायच्या आत पापणी लवली.