एकाच पाण्यात दोन व्हॉल्व

प्रितेशने चावीसाठी हात पुढे केला, आणि भिकाजीने आपला हात खिशातच ठेवला.

"काकानू, चावी द्या. आजपासून गुरुदास गाडी नेतलो."

ट्रक भिकाजीच्या घरासमोरच उभा होता, हापूसच्या खोक्यांनी भरलेला. आठ दिवसांत तीनदा त्याने करूळच्या घाटात मान टाकली होती. वैभववाडीपर्यंत सगळे ठीक. घाट लागला की काटा लाल पट्टीत जायचा, दिवा पेटायचा आणि बॉनेटमधून वाफ निघायची. तिसऱ्या खेपेचे आंबे कोल्हापूरला पोचले ते वाटेतच पिकून. मोसमाआधी मालक प्रितेशने रेडिएटर धुऊन घेतला होता, पट्टा बदलला होता, थर्मोस्टॅट व्हॉल्वसुद्धा नवाकोरा आणून बसवला होता. गाडीत आता जुना उरला होता तो फक्त ड्रायव्हर. तेव्हा दोष कुणाचा, हे प्रितेशला वेगळे सांगायची गरज नव्हती.

बत्तीस वर्षांत भिकाजीने घाटात इंजिन उकळू दिले नव्हते. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतचे ड्रायव्हर नवख्याला सांगत, घाट चढायचा तर भिकाजीच्या मागे लाग. साठीला आलेल्या माणसाला नोकरी जाण्याचे जेवढे दुःख नव्हते, तेवढे हे नाव जाण्याचे होते. मोबाइलवरून बोलावून घेतलेला गुरुदास पायाचा अंगठा बघत उभा होता. बिचारा गाडी शिकला होता तीही भिकाजीकडेच.

घरापुढच्या खळ्यात भिकाजीची बायको सुभद्रा वर्षाच्या उकड्या तांदळासाठी भात उकडत होती. तीन धोंड्यांवर दोन कानांचा भलामोठा टोप होता. दरवर्षी मे महिन्यात हे काम, आणि दरवर्षी नवरा घाटात. भरलेला टोप उतरवायला तिला शेजारच्या मथुरेला हाक मारावी लागे. अकरा वर्षे ती नवऱ्याला सांगत होती की आता पुरे करा, घरी बसा. आज तिने फक्त गप्प बसायचे होते. तिच्या मनासारखे आपोआप होणार होते.

पण नवऱ्याचा चेहरा तिला बघवेना. व्हॉल्व म्हणजे काय, हे ऐकून ऐकून तिला पाठ झाले होते. इंजिनातल्या पाण्याचे ते दार. पाणी तापले की दार उघडते, पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते आणि परत येते. दार वेळेवर उघडले नाही, तर इंजिन उकळते.

"जुनो व्हॉल्व पडवीत खिळ्याक टांगलेलो आसा मा?" ती म्हणाली. "दोनय एकाच पाण्यात सोडून बघा. पाणी कोणाची बाजू घेणा नाय."

गाडीतून निघालेली कुठलीही वस्तू न टाकण्याची भिकाजीला खोड होती. माळ्यावर आमचा अर्धा ट्रक आहे, उरलेला आणला की जोडून टाकू, असे सुभद्रा पाहुण्यांना सांगत असे. आज तिनेच तो व्हॉल्व खिळ्यावरून काढून आणला. इंजिन थंडच होते. भिकाजीने त्यातला नवा व्हॉल्व सोडवला. भाताच्या टोपात तेलकट लोखंड घालू देईल तर ती सुभद्रा कसली! तिने पोचे आलेला जुना टोप बाजूच्या चुलीवर ठेवला. दोन्ही व्हॉल्व सुतळीला बांधून पाण्यात सोडले. किती तापल्यावर उघडायचे तो आकडा दोघांवरही कोरलेला होता, ब्याऐंशी. पण पाणी मोजायला थर्मामीटर कुणाकडे असणार? सुभद्रेला त्याची गरज नव्हती. जन्मभर भात उकडणारी बाई, पाणी उकळायच्या आधी भात नेमका कधी घालायचा ते वाफेवरून ओळखायची.

तळाला बुडबुडे धरले. वाफ वर आली. सुभद्रेने जाळ मागे ओढला.

"आता. ह्या भात घालूचा पाणी."

जुना व्हॉल्व सावकाश उघडू लागला. नवा मिटून बसला होता. तिने जाळ पुन्हा पुढे सारला. जुना करंगळीएवढा उघडला, पाणी खळखळू लागले, तेव्हा कुठे नव्याने फट दाखवली. भाताच्या दाण्याएवढी. सपाट रस्त्याला तेवढी पुरत होती, घाटात पुरत नव्हती.

प्रितेशने सुतळी ओढून नवा व्हॉल्व वर काढून बघितला. नवी वस्तूच बिघडलेली असेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते. माझा चुकला काकानू, असे तो हळूच म्हणाला आणि गाडी तुम्हीच न्या म्हणाला. सुभद्रा चुलीपुढे वाकली. नवरा आता आणखी पाच वर्षे तरी घाटात जाणार, हे तिला कळून चुकले होते. तरीही तिला बरे वाटत होते.

भिकाजीने आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पॅकिंग केले, जुना व्हॉल्व बसवला, पाणी भरले. गुरुदासला शेजारी बसवून त्याने भरलेला ट्रक गावामागची घाटी दोनदा चढवून आणला. काटा मध्यावरून हलला नाही. परत येऊन त्याने इंजिन बंद केले आणि चावी गुरुदासच्या हातात ठेवली.

प्रितेश गोंधळला. आपण चूक कबूल केली ना, असे काहीतरी तो पुटपुटला.

"तापलेल्या गाडीवरसून माका उतरूचा नव्हता," भिकाजी म्हणाला. "आता गाडी बरी आसा. आता उतरतंय."

ट्रक वळणाआड गेला. मोठ्या टोपातला भात उकडून तयार झाला होता. सुभद्रेने सवयीने मथुरेला हाक मारायला तोंड उघडले, तर टोपाचा दुसरा कान फडक्याने धरून भिकाजी आधीच उभा होता.