शेवटच्या जीवाची टुकटुक

एक पट्टी कायमची दबलेला कीबोर्ड. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला माइक. दाराशी चपलांचा एकच जोड. अकरा श्रोते.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारागिराने सुट्टीच्या दुपारी लहानपणीच्या व्हिडिओ गेममधल्या संगीताचं नाचरं रीमिक्स केलं आणि नेटवर टाकलं. बाराव्या श्रोत्याने खाली लिहिलं, "झकास, राव! फक्त ती टुकटुक काढा. ती गाण्यातली नाही. खेळणाऱ्याचा शेवटचा जीव उरला की वाजते ती."

"आमच्याकडे तर सतत वाजायची," कारागिराने उत्तर दिलं.

"म्हणजे तुम्ही अगदीच लिंबूटिंबू!"

"मी नाही हो. माझी ताई. दोघं मिळून खेळायचो."

त्याने टुकटुक काढून ऐकलं. चाल दुसऱ्याच कुणाच्या घरातली वाटली. मग त्याने ती परत घातली आणि रीमिक्स ताईला पाठवून दिलं. सहा वर्षांत त्याने तिला केलेला हा पहिला मेसेज.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "ही माझीच टुकटुक ना रे?"

तो इतका हरखला की लगेच चिडवायला लागला. "तुझीच! किती कच्ची होतीस गं तू! दर वेळी तुझेच जीव संपायचे."

"हो का," तिने लिहिलं आणि ती ऑफलाइन गेली. संध्याकाळपर्यंत तो फोन उलटा-सुलटा करत राहिला.

त्या गेममध्ये आपले जीव संपले की जोडीदाराचे घेता यायचे. त्यासाठी विचारावं लागत नसे, आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं.