काखेतला कांदा

१९७४ साली मी मध्यवर्ती कारागृहाच्या दवाखान्यात परिचारिका होते. एका दुपारी स्वयंपाकघरात राबणारी कैदी सारजा पोट धरून आली. अंग तापाने फणफणलं होतं.

तुरुंगाधिकारी घोरपडेसाहेब तिच्याजवळ वाकले आणि हसले. "सिस्टर, वास आला का? काखेत कांदा दाबून ताप आणलाय बाईनं. बाहेर जायचे बहाणे!"

ती युक्ती मलाही ठाऊक होती. पण सकाळपासून दोनशे जणींसाठी कांदे चिरणाऱ्या बाईला दुसरा कुठला वास येणार? मी थर्मामीटर काखेत न लावता जिभेखाली ठेवला. एकशे तीन! पोटाच्या उजव्या बाजूला हात लावताच ती किंचाळली.

"साहेब, अपेंडिक्स आहे. आत्ता गाडी द्या, नाहीतर 'मी अडवलं' असं रजिस्टरात लिहून सही करा."

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं आणि गाडी मागवली.

सारजा वाचली. सुटल्यावर तिने नाशिकला खानावळ काढली. आता ती तिची सून चालवते. साहेबांना जाऊन दहा वर्षं झाली. निवृत्तीनंतर एकदा ते ताप घेऊन माझ्या दारात आले होते.

"हात वर करा साहेब," मी म्हटलं, "आधी काख बघते."