काळा दात

“किल्ली सापडत नाही, बाई,” शाळेच्या शिपायाने सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितले. किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती.

मुख्याध्यापिकांना कपाट रिकामे हवे होते. शहरातून यंत्रविद्या शिकवणारे नवे चष्मे आले होते. ते डोळ्यांवर चढवले की बाकावर बसल्या बसल्या मुलांना यंत्राच्या पोटात हिंडता येई. ते चष्मे ठेवायला जागा नव्हती. कपाटात मात्र शिपायाने तीस वर्षांत फावल्या वेळी घडवलेली लाकडी चाके, कप्प्या आणि तरफा ठासून भरल्या होत्या. ते सारे आज भंगारात जायचे होते.

“मामा, तुमच्या किल्लीला पाय फुटले का?” बाई म्हणाल्या. मुले हसली.

शिपायाला हसू आले नाही. त्याच्या मनात कपाटातले मोठे दातेरी चाक फिरत होते. फार पूर्वी त्या चाकाचा एक दात मोडला. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी जाब विचारला, तेव्हा “माझ्याच हातून पडलं” असे सांगून त्याने बोलणी निमूटपणे ऐकून घेतली होती. मग त्या मुख्याध्यापकांच्याच मोडक्या खुर्चीच्या काळ्या लाकडातून त्याने नवा दात कोरला. तो अंमळ जाड झाला. तेव्हापासून ते चाक दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ म्हणे.

“किल्ली मिळेपर्यंत तुम्ही तरी बघून घ्या, मामा,” चष्मे घेऊन आलेली ताई म्हणाली, आणि तिने एक चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला.

क्षणभर अंधार झाला, मग उजाडले. समोर घराएवढे दातेरी चाक अधांतरी उभे होते. ते संथपणे फिरू लागले. एकामागून एक फिकट दात पुढे सरकले. मग एक काळा दात आला.

टक्.

शिपाई पुढे वाकला. पुढच्या फेऱ्याला पुन्हा तेच.

“ताई, हे चाक अडखळतंय.”

“सगळ्या शाळांत हेच विचारतात,” ती हसून म्हणाली. “आम्ही तो दात दोनदा नीट केला. ज्यांनी हे बनवलं, त्या मॅडमनी दोनदा परत जाड केला. म्हणतात, शाळेत असताना तो दात मी मोडला आणि माझी बोलणी मामांनी खाल्ली. आता कोण मामा, ते काही सांगत नाहीत.”

दाराआड मोडका दात मुठीत घट्ट धरून उभी राहिलेली एक लहान मुलगी शिपायाला आठवली. चष्म्याआड त्याचे डोळे भरून आले. ते कोणालाच दिसले नाहीत.

“असेल कोणीतरी,” तो म्हणाला.

त्याने चष्मा उतरवला आणि दोन्ही हातांनी, जपून परत दिला.

“बाई, किल्ली सापडली. माझ्याच खिशात होती.”